मास्तरांची ठरलेली जागा

मी एक जुना पेन आहे. पण मित्रांनो, माझ्यात शाई शोधू नका. आजवर माझ्याकडून एक अक्षरही लिहून झालेले नाही. माझ्या पोटात काचेची एक बारीक नळी बसते. त्या नळीत इन्सुलिन नावाचे औषध असते. माझ्या टोकाला केसासारखी बारीक सुई लागते आणि शेपटाला एक गोल खटका आहे. तो फिरवला की मी टिकटिकतो. एक टिक म्हणजे एक युनिट. जेवढे मागाल तेवढेच देईन. ना रतीभर कमी, ना रतीभर जास्त.

ही बढाई समजू नका. दुसऱ्याच्या जिवाचे औषध पोटात बाळगणाऱ्याला हिशेबात ढिलाई परवडत नाही. माणसांचे मात्र निराळे असते. बाजारात वजनकाट्यावर डोळा ठेवून उभी राहणारी माणसे स्वतःच्या शरीराचा हिशेब आला की खुशाल अंदाजपंचे वागतात. मी हे फार जवळून पाहिले आहे. अगदी पोटाला टेकून पाहिले आहे म्हणा ना!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोपी आणि तोंडाला मुखपट्टी लावलेल्या बायका ओळीने बसत. त्यांतली एक आम्हा प्रत्येकाला कानाशी धरून खटका फिरवायची. माझ्या शेजारच्या भावाची एक टिक अडखळली. तिने त्याला काही न बोलता बाजूच्या टोपलीत टाकले. माझ्या वेळी मात्र ती म्हणाली, "हा खणखणीत आहे गं!" त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर ताठ मानेने जगलो.

तिथून मी एका दवाखान्याच्या काचेच्या कपाटात आलो. आणि एके सकाळी मास्तर आले.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, बरे का. हे शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे दुकान होते. आत दोन शिलाई मशीन, पलंगाएवढे लांबरुंद कापायचे टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने आणि कोपऱ्यात वाफेची जड इस्त्री. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असा त्यांचा लौकिक होता. सोबत त्यांची थोरली बहीण आक्का. मास्तरांची बायको लवकर गेली, तेव्हापासून घर आणि दुकानातली काज-बटणे दोन्ही तिने उचलली. मास्तरांचे केस पिकले होते, तरी ती त्यांना ‘धाकट्या’ म्हणूनच हाक मारायची, आणि तीही गिऱ्हाइकांसमोर.

"इन्सुलिन सुरू करू या," डॉक्टर त्या दिवशी म्हणाले, तेव्हा मास्तरांचा चेहरा पडला.

"म्हणजे सुई? मला?"

"का? आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना टोचलीस. आता तुझी पाळी," आक्का म्हणाली.

"आक्का, थट्टा नको. इन्सुलिन म्हणजे शेवट असतो म्हणतात."

"चष्मा लागला तेव्हा शेवट झाला का? कवळी बसवली तेव्हा झाला का? मग आता कसा होईल!"

डॉक्टर हसले आणि त्यांनी दोघांना शेजारच्या खोलीत, माझ्या कपाटाशी, सिस्टरांकडे पाठवले. या सिस्टर ठेंगण्या, चटपटीत आणि बोलायला फटकळ. त्यांनी मला कपाटातून काढले, मास्तरांच्या हातात दिले आणि एकेक गोष्ट शिकवली. औषध दुधी रंगाचे आहे, म्हणून आधी पेन तळहातांत हळूहळू घोळवायचा. दर वेळी नवी सुई लावायची. आधी दोन टिका हवेत सोडायच्या आणि टोकाशी थेंब आला की नाही ते बघायचे. मग डोस लावायचा, टोचायचे, खटका दाबायचा आणि दहापर्यंत मोजून सुई काढायची.

"आणि जागा बदलत जा मास्तर. आज इथं, उद्या दोन बोटं सोडून. कधी पोट, कधी मांडी."

मास्तरांनी मान डोलावली. ‘कमरेत जरा सैल ठेवा’ असे गिऱ्हाईक म्हणाले की डोलावतात ना, तशी. म्हणजे ऐकले, पण करायचे ते आपल्या मनाचेच.

आता मित्रांनो, माझ्या पोटातल्या औषधाचे काम तुम्हाला सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गंमत आणि पुढचा घोर, दोन्ही कळणार नाहीत. आपण जे खातो त्यातल्या बऱ्याच भागाची शरीरात साखर होते. ती रक्तातून पेशीपेशीच्या दारात जाऊन पोचते. माल दारात आला. पण आतून कोणी दार उघडायला नको का? ते उघडायचे काम इन्सुलिनचे. पोटाच्या मागे दडून बसलेले स्वादुपिंड ते तयार करते. इन्सुलिन नसेल तर माल रस्त्यावरच तुंबतो आणि आतली कामकरी मंडळी उपाशी बसतात. रक्त साखरेने गोड गोड, आणि माणूस थकून गळालेला! हाच मधुमेह. आणि हा तुंबलेला माल नुसता पडून राहत नाही. तो डोळे बिघडवतो, पाय बधिर करतो, मूत्रपिंडे थकवतो.

काहींच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. त्यांतली कित्येक तुमच्याएवढी मुलेही असतात, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नसतो. मास्तरांचे वेगळे होते. त्यांच्या दारांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या; इन्सुलिन असूनही ती नीट उघडत नव्हती. अनेक वर्षे गोळ्यांनी निभावले. मग स्वादुपिंडही दमले आणि माझी गरज पडली. तुम्ही विचाराल, मग इन्सुलिनचीच गोळी का नाही करत? तर पोट मोठे खादाड. ते इन्सुलिनला अन्न समजून पचवून टाकते. म्हणून ते कातडीखालूनच आत सोडावे लागते.

मास्तरांनी मला दुकानातल्या टेबलाच्या खणात जागा दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला इस्त्रीशेजारी ठेवले, तेव्हा आक्का खेकसली, "औषध उकळायचंय का तुला? उचल तो!" माझ्या जास्तीच्या नळ्या ती घरच्या फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवी. वरच्या बर्फाच्या खणात कधीच नाही, कारण गोठलेले इन्सुलिन फुकट जाते. वापरलेल्या सुया बटणांच्या रिकाम्या, जाड डब्यात जात. सुईच्या बाबतीत तर मास्तरांना कोणी शिकवायलाच नको होते. बोथट सुईने कापड ओरखडते, हे ते जन्मभर पाहत आलेले. सकाळ-संध्याकाळ नवी सुई लावत. दोन टिका हवेत सोडत, दहापर्यंत मोजत. मला वाटले, असा मालक मिळायला भाग्य लागते.

पहिले दिवस सुखाचे गेले. मास्तरांची साखर खाली आली, अंगात तरतरी आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवून ते म्हणायचे, "बघा, खिशाला लावला तर लोक मला वकील समजतील!" मी खूष. कौतुक कोणाला नको असते?

पण मास्तरांनी एक गोष्ट मनाची केली होती.

ती कळायला आधी रेशीम कळले पाहिजे. रेशमी कापडात एकदा सुई गेली की भोक राहते. शिवण उसवली तरी ते दिसते. म्हणून कसबी शिंपी उसवलेली शिवण पुन्हा घालताना सुई जुन्याच भोकांतून नेतो. मास्तर यात पटाईत होते. ‘कापडाला नवं भोक पाडेल तो शिंपी कसला!’ हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. सुरुवातीच्या दिवसांत पोटावर इथे-तिथे टोचून पाहताना त्यांना बेंबीच्या डावीकडे चार बोटांवर एक जागा सापडली. तिथे काही म्हणजे काही दुखले नाही. झाले! तीच जागा त्यांची ठरली. सकाळी तिथेच, संध्याकाळी तिथेच. जसजसे दिवस गेले तसतशी ती जागा आणखीच बधिर झाली, आणि मास्तरांना वाटले, आपला हात बसला.

"डोळे मिटून लावतो बघ, आक्का. सुई तिथंच पडते."

"कोटाला काज पाडतोयस का?" आक्का म्हणायची. पण तिलाही त्यात वावगे काही वाटले नाही. तीही काजवालीच.

मी मात्र रोज अनुभवत होतो. आत औषध सोडताना पूर्वी सरळ वाट मिळायची. आता वाट चिकट झाली होती. ओल्या कापसात पाणी सोडावे तसे वाटायचे. मी माझ्या टिका चोख देत होतो. पुढे त्यांचे काय होत होते, ते माझ्या हातात नव्हते.

हळूहळू साखर पुन्हा वर चढली. डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी ती चढतीच राहिली. डोस आणखी वाढवला. तरी तेच. आणि याच सुमारास मास्तरांच्या डोळ्यांवर साय आल्यासारखे झाले. सुईत दोरा ओवताना ते दाराशी उजेडात जाऊ लागले. मग एके दिवशी दोरा आक्कापुढे धरून म्हणाले, "हे जरा ओव. माझा हात गुंतलाय."

"गुंतलेला हात खिशात असतो होय?" आक्का म्हणाली. दोरा तिने ओवून दिला, पण त्यानंतर कितीतरी वेळ तिची सुई काजात थांबून होती.

नेमका त्याच आठवड्यात जादूगार आला. हा गावोगाव खेळ करणारा उंच, सडपातळ माणूस. त्याचे कोट मास्तरच शिवत, कारण त्यात कुठे कुठे चोरखिसे असायचे, आणि मास्तरांचे तोंड शिवलेले असे. त्याला नव्या खेळासाठी काळा कोट हवा होता. काळे कापड, काळे अस्तर, काळा दोरा.

"कबुतराचा खिसा डावीकडे, मास्तर. आणि पत्त्यांचा असा, की मलासुद्धा शोधावा लागला पाहिजे."

"काळ्यावर काळं," मास्तर हळूच म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी ते कापड हातात घेतले, खिडकीशी धरले, खाली ठेवले. "आक्का, मला शिवण दिसत नाही गं. हा कोट माझ्या हातून झाला नाही, तर मी दुकानाची पाटी उतरवीन."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. म्हणाले, "मोतीबिंदू आहे. काढला की स्वच्छ दिसेल. पण एवढ्या साखरेत मी हात लावणार नाही. जखम भरायला त्रास होतो, डोळ्यात संसर्गाची भीती असते. आधी साखर खाली आणा." म्हणजे आता सगळे त्या एका आकड्यावर अडले: आकडा उतरला तर डोळे, डोळे आले तर कोट, आणि कोट झाला तर दुकान.

घरी आल्यावर मास्तरांनी मला टेबलावर आपटले.

"हाच लबाड आहे! डोस वाढवला, दुप्पट केला, काय उजेड पडला? आतून रिकामा चालत असेल. बंद. उद्यापासून बंद."

मित्रांनो, चोरी न करता चोर ठरणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. मला त्यांनी सर्वांत खालच्या खणात टाकले. तिथे दात गेलेल्या चेनी आणि टोक मोडलेल्या सुया होत्या. वरून आवाज ऐकू यायचे. माठाचे झाकण सारखे उघडत होते. मशीन मध्येच थांबत होते. मास्तर बसल्या जागी पेंगायचे, उठून परसात जायचे, येऊन पुन्हा पाणी प्यायचे.

"पाणी पितोस का विहीर उपसतोस?" आक्का म्हणाली. पुन्हा माठाचे झाकण वाजले. मग खण उघडला. तिने मला बाहेर काढले, रुमालात गुंडाळले आणि भावाला म्हणाली, "चपला घाल. दवाखान्यात चल."

"कशाला? काही उपयोग नाही त्याचा."

"पेन खोटा असेल तर सिस्टरांच्या तोंडावर फेकू. पण फेकायला तरी चल की!"

सिस्टरांनी आधी माझीच झडती घेतली. नवी सुई लावली, मला उभे धरले, दोन टिका सोडल्या. सुईच्या टोकावर एक टपोरा थेंब उभा राहिला. त्यांनी पुन्हा टिका सोडल्या, पुन्हा थेंब.

"पेन चोख आहे," त्या म्हणाल्या. "आता मास्तर, तुम्ही शर्ट वर करा. कुठं टोचता?"

मास्तरांनी तेवढ्या दुखण्यातही ऐटीत बोट ठेवले. "इथं. रोज इथंच. एक दिवस इकडचं तिकडं झालं नाही."

सिस्टरांनी त्या जागेवरून बोटे फिरवली. एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, "आक्का, तुम्ही हात लावून बघा."

आक्काने हात लावला आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! हा तर खांद्याचा पॅड! एवढा गुबगुबीत तर हा कोटातसुद्धा घालत नाही!"

"तरी मी सांगितलं होतं, जागा बदला म्हणून."

"सिस्टर," मास्तर जरा तोऱ्यातच म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण आमच्या धंद्यात जुनं भोक सोडून नवं पाडणाऱ्याला अडाणी म्हणतात. रेशमाला नवं भोक पाडलं की ते कायमचं."

"रेशमाला मांस भरत नाही, मास्तर. कातडीला भरतं! तिचं भोक तिचं ती बुजवते, पण त्याला सवड तर द्याल? तुम्ही रोज तिथंच टोचलंत, म्हणून तिथली चरबी सुजून गाठ धरली. आता औषध त्या गाठीत अडकतं. कधी झिरपतं, कधी नुसतं बसून राहतं. म्हणून डोस वाढला आणि साखर हलली नाही. इतके दिवस तुम्ही पॅडला इन्सुलिन पाजताय!"

मास्तरांनी आपल्याच पोटाकडे पाहिले. चुकून उलट्या बाजूने शिवलेली बाही पाहावी तसे.

डॉक्टरांनी डोस बराच खाली आणून लिहून दिला. सिस्टरांनी तो पुन्हा बजावला, "ताज्या जागी औषध पुरतं लागू पडतं. जुना आकडा आता विसरा. गाठ मऊ होईपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. आणि पुढचे काही दिवस बोट टोचून साखर जास्त वेळा तपासा."

मला वाटले, आता निभावलो. पण हिशेबी माणूस एकदा आकड्याला चिकटला की सुटता सुटत नाही. पुढच्या सकाळी आक्का बटणे आणायला गेली होती. मास्तरांनी मला हातात घेतले, बेंबीच्या उजवीकडची कोरी जागा पुसली आणि खटका फिरवायला लागले. मी टिकटिकत नव्या आकड्यावर आलो. आता थांबतील, असे मला वाटले. पण ते थांबले नाहीत.

"एवढ्यानं जी साखर हलली नाही," ते स्वतःशीच पुटपुटले, "ती कमी घेऊन कशी हलायची?"

आणि त्यांनी मला जुन्या आकड्यापर्यंत नेले. प्रत्येक टिकेला मी ‘पुरे’ म्हणत होतो. पण माझी भाषा ज्याला कळायची, त्यालाच कळते. दहापर्यंत मोजून त्यांनी सुई काढली. त्यातही भर म्हणजे जादूगार मापाला येणार म्हणून घाईत नाश्ता अर्धाच उरकला.

जादूगार आला तोवर आक्का परतली होती. टेबलावर काळे कापड पसरले होते, त्यावर खडूच्या पांढऱ्या रेघा. मास्तरांच्या हातात कात्री. मी उघड्या खणातून पाहत होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी घाम थांबेना. हात थरथरू लागला. मग ते एकदम जादूगाराकडे वळले.

"कात्री कुठंय माझी?"

"मास्तर, तुमच्या—"

"चोरलीस! तुमचा धंदाच तो! डोळ्यांदेखत वस्तू गायब करायचा! ठेव परत, नाहीतर..."

कात्री त्यांच्याच हातात होती. ती हलवत ते पुढे सरले, आणि दुसऱ्याच क्षणी टेबलाकडे वळून त्यांनी डाव्या छातीच्या तुकड्यात ती घुसवली. खडूची रेघ राहिली बाजूला आणि कात्री भलतीकडूनच आत गेली. जन्मात ज्यांची कात्री रेघ सोडून गेली नव्हती, त्यांनी गिऱ्हाइकादेखत कापड फाडले.

जादूगार भिंतीला टेकला. आक्काला क्षणभर भावाचा राग आला, पण लगेच तिची नजर त्यांच्या ओल्या कॉलरवर गेली.

"साखर उतरलीय ह्याची!" ती ओरडली. "कात्री घ्या आधी त्याच्या हातातून!"

जादूगाराने ती अलगद काढून घेतली. त्या कामात तो तरबेजच होता. मग बाहीतून भराभर टॉफ्या काढून तो पुढे करू लागला.

"टॉफी चघळेपर्यंत आडवा होईल तो! साखर द्या, चहाच्या डब्यातली!" आक्का खेकसली.

तिने पेलाभर पाण्यात साखर ढवळली आणि भावाला खुर्चीत बसवून घोटघोट पाजली. ते गिळताहेत की नाही, यावर तिची नजर होती. जरा वेळाने तिने त्यांचे बोट टोचून साखर पाहिली, पुन्हा थोडे साखरपाणी दिले, वर बिस्किटे खायला लावली. इन्सुलिन जास्त झाले की रक्तातली साखर फार खाली जाते, मेंदूच उपाशी पडतो आणि माणूस भलतेच वागतो, मित्रांनो. हळूहळू मास्तरांचा घाम सुकला. त्यांनी समोर पाहिले. कापड पाहिले, जादूगार पाहिला.

"हे मी कापलं?"

जादूगाराने कात्री हळूच टेबलावर ठेवली.

"विष आहे ते," मास्तर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "आक्का, टाक तो पेन. नको मला डोळे. नको कोट."

आक्काने मला खणातून उचलले. आता माझे काय होणार? तिने मला मुठीत घट्ट धरले आणि विचारले, "सकाळी किती घेतलंस?"

मास्तरांनी मान खाली घातली. "जुनं."

"कापड आखूड कापलं की टेप फेकतोस का रे तू?"

मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करू लागले.

"बोल ना! गिऱ्हाईक ओरडलं, बाही आखूड झाली, तर टेप नालीत टाकतोस?"

"नाही."

"मग ह्याचा काय गुन्हा? त्या दिवशी म्हणालास, हा देतच नाही. आज म्हणतोस, हा विष देतो. ह्यानं तू मागितलंस तेवढंच दिलं, धाकट्या. तेव्हाही आणि आजही. मागणाराच चुकला तर देणारा काय करील?"

जादूगाराने घसा खाकरला. "मास्तर, माझ्या कोटाची घाई नाही. खेळ पुढं ढकलतो. पण हा कोट तुमच्याच हातचा घालीन."

त्या दुपारी ती दोघे पुन्हा दवाखान्यात गेली. सिस्टर रागावल्या, डॉक्टर त्याहून रागावले. परत आल्यावर मास्तर खाकी कागद, खडू आणि टाचण्या घेऊन टेबलाशी बसले. मला वाटले, कोटाचा नवा नमुना कापताहेत. पाहतो तर काय, त्यांनी स्वतःचा नमुना कापला! पोट आणि दोन्ही मांड्या. त्यावर बोटाबोटाच्या अंतराने खडूचे ठिपके. गाठीच्या जागेवर मोठी फुली. तो कागद त्यांनी माझ्या खणावरच खिळ्याला टांगला. रोज टोचून झाले की टाचणी पुढच्या ठिपक्यावर सरके, आणि आक्का जाता-येता तिच्यावर नजर टाके. शिंप्याला तोंडी सांगून कळत नाही, मित्रांनो. त्याला नमुना लागतो.

डोस आता डॉक्टरांनी लिहिलेलाच. साखर रोज तपासली जाई आणि आकडा सिस्टरांना कळवला जाई. मी नव्या जागी गेलो की औषध सरळ आत उतरायचे. साखर एका दिवसात उतरली नाही, पण उतरली, आणि उतरून तिथेच राहिली. पाण्याचे माठ पुरू लागले. दुपारचे पेंगणे थांबले. गाठही मऊ पडू लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहून म्हटले, "आता या."

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मास्तर घरी बसले. काळा चष्मा लावून ते आक्काला इतके सल्ले देत, की ती म्हणाली, "डोळा मिटलाय तर तोंडही मिट की!" मग डॉक्टरांनी परवानगी दिली, तशी एका सकाळी त्यांनी दुकान उघडले. काळे कापड टेबलावर घेतले. काळा दोरा घेतला. आक्काने सवयीने हात पुढे केला.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

त्यांनी दोऱ्याचे टोक बोटांत वळले, सुई समोर धरली, आणि दोरा पहिल्याच फेरीत आरपार गेला. दाराशी जावे लागले नाही. आक्काने नुसते आपल्या हातातले काज पुरे केले, आणि ते जरा वाकडे आले.

फाटलेल्या तुकड्याचे काय झाले म्हणता? मास्तरांनी तो टाकला नाही. ती चीर जिथे गेली होती, तिथेच त्यांनी आतून पट्टी लावून एक खिसा केला. काळ्यावर काळे, शिवण शोधूनही सापडू नये असा. जादूगाराने कोट घातला, छाती चाचपली, पुन्हा चाचपली आणि विचारले, "मास्तर, पत्त्यांचा खिसा कुठाय?"

"शोधा," मास्तर म्हणाले. दुकानाची पाटी जिथल्या तिथे राहिली.

पुढे बरीच वर्षे मी मास्तरांजवळ काम केले. आता माझ्या अंगावरचे आकडे पुसट झाले आहेत, खटका जरा सैल पडला आहे. असा पेन जिवंत माणसावर चालवू नये, हे मी स्वतःच सांगतो. मास्तरांनी नवा पेन घेतला. मला वाटले, आता खालचा खण, चेनी आणि मोडक्या सुया. पण त्यांनी मला स्वच्छ पुसले आणि सिस्टरांना नेऊन दिले. सोबत एक लहानशी मऊ गादी शिवून दिली. बोटांना पोटासारखी लागते अशी. आता दवाखान्याच्या टेबलावर मी आणि ती गादी शेजारी शेजारी राहतो. नव्याने आलेली माणसे आधी माझ्यावर हात बसवतात. परवा गोदामातला एक हमाल आला होता. पाठीवर पोती वाहणारा गडी, पण सुई पाहून त्याला घाम फुटला. सिस्टरांनी मास्तरांना बोलावून घेतले. मास्तरांनी त्याच्या हातात मला दिले आणि म्हणाले, "रोज नवी जागा, पैलवान. मी चाळीस वर्षं उलटं शिकलो होतो."

तेव्हा मित्रांनो, एवढे ऐका. तुमच्या घरी आजोबा असतील, मावशी असेल, किंवा वर्गात एखादी मैत्रीण असेल, ज्यांना माझ्यासारख्याची गरज आहे. त्यांना घाबरवू नका आणि त्यांची कीवही करू नका. माझ्या भावंडांना उन्हात, इस्त्रीजवळ वा बर्फात टाकू नका. आकडा डॉक्टरांनी ठरवावा, आपल्या मनाने नव्हे. एक पेन दोघांनी वापरू नये, सुई बदलली तरी नाही. जवळच्या माणसाला एकाएकी घाम फुटला, हात थरथरला, तो भलतेच बोलू लागला, तर आधी रागावू नका. साखर आठवा, आणि मोठ्यांना हाक मारा. आणि कातडीला सवड द्या. ती रेशमाहून फार उदार आहे. तिचे भोक तिचे ती बुजवते, फक्त तिला रोज त्याच जागी गाठू नका.

आणि माझ्यासारख्याला हातात घ्याल तेव्हा आधी दोन टिका हवेत सोडा. थेंब आला की समजा, मी तयार आहे. मला बोलायला तेवढ्याच दोन टिका मिळतात; त्या तेवढ्या कान देऊन ऐका.